वाळूजचा मोटर कारखाना आणि चिमूटभर डिस्प्रोशियम

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या मोटर कारखान्याचं हे प्रकरण आहे. काळ एप्रिल २०२५ पासून पुढच्या हिवाळ्यापर्यंतचा. कारखाना, मालक किंवा ग्राहक ओळखू येतील असे तपशील बदलले किंवा गाळले आहेत. घटनांचा क्रम आणि घेतलेले निर्णय जसेच्या तसे ठेवले आहेत. मी विद्युत यंत्रं हा विषय शिकवतो. मोटरचं डिझाइन बदलण्याची वेळ आली तेव्हा मला बोलावणं आलं आणि तिथून पुढचं सगळं मी जवळून पाहिलं.

पार्श्वभूमी

मालक मूळचे परभणीकडचे. आयटीआय करून वाळूजला आले, दुसऱ्याच्या शेडमध्ये वाइंडिंग केलं, मग पंपाच्या मोटरी भरून देण्याचं स्वतःचं दुकान टाकलं आणि हळूहळू कारखान्यापर्यंत पोचले. चाळीसेक माणसं कामाला. वाइंडिंगच्या टेबलांवर बहुतेक बाया, जोगेश्वरी आणि रांजणगावातून येणाऱ्या. मालकांची मुलगी इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेऊन चार वर्षांपासून कारखान्यात आहे. कंट्रोलर (मोटरला जाणारा प्रवाह सांभाळणारं सर्किट) आणि चाचणी तिच्याकडे.

कारखान्यात दोन प्रकारचा माल निघतो. एक, कूलर आणि एक्झॉस्ट फॅनच्या बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेल्या डीसी मोटरी. दुसरा, विजेवर चालणाऱ्या तीनचाकी मालवाहू गाडीची मोटर. धंद्याचा मोठा भाग या दुसऱ्या मोटरवर होता. ग्राहक दोनच. एक वाळूजमधलाच जुना, महिन्याला थोड्या गाड्या काढणारा. दुसरा पुण्याकडचा मोठा, आठवड्याच्या शेड्यूलवर माल उचलणारा आणि उशीर झाला तर बिलातून कापून घेणारा.

कूलरच्या मोटरीत फेराइटचं मॅग्नेट असतं. ते स्वस्त असतं आणि देशातही बनतं. गाडीच्या मोटरीत मात्र निओडायमियम-लोह-बोरॉनचं मॅग्नेट लागतं. जपानमध्ये आणि अमेरिकेत जवळजवळ एकाच वेळी, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला, हे मॅग्नेट तयार झालं. फेराइटच्या साधारण दहापट ऊर्जा ते त्याच आकारमानात साठवतं, म्हणून गाडीच्या चाकाजवळ मावेल एवढी मोटर करता येते. आज जगातली अशी नव्वद टक्क्यांच्या आसपास मॅग्नेटं चीनमध्ये बनतात. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातला मॅग्नेक्वेंच हा अशी मॅग्नेटं बनवणारा जनरल मोटर्सचा जुना उद्योग १९९५ मध्ये चिनी भागीदार असलेल्या गटाने विकत घेतला आणि पुढच्या काही वर्षांत तिथलं उत्पादन चीनला गेलं. तेव्हा ही बातमी फारशी कुणाच्या नजरेत भरली नव्हती.

वाळूजच्या या कारखान्याचा चीनशी थेट संबंध कधीच नव्हता. मॅग्नेट एका व्यापाऱ्याकडून यायचं. ऑर्डर फोनवर जायची, माल ट्रान्सपोर्टने यायचा आणि बिल रुपयांत असायचं. ड्रॉइंगवर ‘ग्रेड एसएच’ एवढंच लिहिलेलं.

अडचण

२ एप्रिल २०२५ ला अमेरिकेच्या अध्यक्षांनी जगभरच्या मालावर नवे आयातकर जाहीर केले. चीनवर त्यात ३४ टक्क्यांची भर होती. ४ एप्रिलला चीनने तेवढाच कर अमेरिकी मालावर लावला आणि त्याच दिवशी सात दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांच्या (रेअर अर्थ) निर्यातीवर परवान्याचं बंधन घातलं: समेरियम, गॅडोलिनियम, टर्बियम, डिस्प्रोशियम, ल्युटेशियम, स्कँडियम आणि यिट्रियम. बंधन अमेरिकेपुरतं नव्हतं, सगळ्या देशांना होतं.

या यादीत निओडायमियम नाही. त्यामुळे पहिले काही दिवस वाळूजमध्ये बरेच जण निश्चिंत होते. पण टर्बियम किंवा डिस्प्रोशियम असलेली निओडायमियम मॅग्नेटंही त्याच हुकुमात होती. आणि एसएच म्हणजे दीडशे अंश सेल्सिअसपर्यंत टिकणारा ग्रेड. ती उष्णता सोसण्याची ताकद बहुधा डिस्प्रोशियममुळेच येते. मुलीने जुन्या साठ्यातलं एक मॅग्नेट प्रयोगशाळेत एक्सआरएफ तपासणीला (क्ष-किरणांनी मूलद्रव्यं ओळखणारी) पाठवलं. वजनाने दोन-तीन टक्के डिस्प्रोशियम निघालं. इतकी वर्षं वापरात असलेल्या मालात नेमकं काय आहे, हे कारखान्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

मेच्या मध्यावर व्यापाऱ्याने हात वर केले. चिनी निर्यातदाराला आता त्यांच्या वाणिज्य मंत्रालयाचा परवाना लागणार होता. तो मिळण्यासाठी अंतिम वापरकर्त्याचं प्रतिज्ञापत्र हवं: माल कुठल्या वस्तूत जाणार, ती कोण वापरणार, लष्करी कामाला वापरणार नाही, दुसऱ्या देशाला पाठवणार नाही. त्यावर आपल्या सरकारी खात्याची मोहोर, मग दिल्लीतल्या चिनी वकिलातीची. त्यानंतर तिकडे छाननीला पंचेचाळीस कामाचे दिवस, तेही नियमातले. व्यापारी असं प्रतिज्ञापत्र देऊच शकत नव्हता, कारण तो वापरकर्ता नाही. तो माल आणून गोदामात ठेवतो आणि मागेल त्याला देतो. व्यापाऱ्याच्या आडोशाने चालणारी अख्खी छोट्या कारखानदारांची साखळी या एका अटीने उघडी पडली.

मोठ्यांचेही हाल होतेच. वाळूजला मोठा प्रकल्प असलेल्या बजाज ऑटोने जुलैमध्ये जाहीरपणे सांगितलं, की ऑगस्टमध्ये विजेवरच्या गाड्यांचं उत्पादन पार थांबण्याची वेळ येऊ शकते. पण मोठ्या कंपनीला दिल्लीत माणूस ठेवता येतो, मंत्रालयाचं दार ठोठावता येतं. चाळीस माणसांच्या शेडला ते जमत नाही.

कारखान्यात जेमतेम दीड महिन्याचा साठा होता.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय थांबण्याचा. व्यापारी म्हणत होता, ‘साहेब, महिनाभरात सुटेल.’ तसं घडण्याला आधार नव्हता, उलट बाजूचा आधार मात्र होता. सप्टेंबर २०१० मध्ये, चीन आणि जपान दोघेही हक्क सांगतात त्या सेनकाकू बेटांजवळ, चिनी मासेमारी बोटीची जपानी गस्ती नौकांशी टक्कर झाली. जपानने बोटीच्या कप्तानाला अटक केल्यावर चीनकडून जपानला जाणारा रेअर अर्थचा माल सुमारे दोन महिने अडला. तो पुढे सुटला, पण जपानने त्यातून धडा घेऊन ऑस्ट्रेलियाच्या लायनास कंपनीत पैसा घातला, साठे केले, कमी डिस्प्रोशियमची मॅग्नेटं काढली. तरीही पंधरा वर्षांनंतर जपानची निम्म्याहून जास्त गरज चीनच भागवतो. त्या देशाला जे पूर्ण साधलं नाही, ते वाट पाहून वाळूजला साधणार नव्हतं.

दुसरा पर्याय तयार मोटर किंवा मॅग्नेट बसवलेला रोटर (मोटरचा फिरता भाग) चीनमधून मागवण्याचा. बंधन मॅग्नेटवर होतं, मोटरवर नव्हतं. त्या उन्हाळ्यात देशातले बरेच वाहन उद्योग या वाटेचा विचार करत होते. चीनची इच्छाही तीच असावी असं मला वाटतं: कच्चा माल अडवायचा, तयार वस्तू मोकळी ठेवायची. हिशेबात हा पर्याय वाईट नव्हता. पण मग वाइंडिंगच्या टेबलांचं काय? मालक या मुद्द्यावर एकदाच बोलले. ‘मोटरच आणून विकायची तर मंग ह्या बाया कामून ठेवल्या? अन् मी तरी कामून हाय?’ शिवाय पुण्याच्या ग्राहकाला मोटर देशातच जुळवलेली हवी होती, कारण सरकारी अनुदानाच्या अटींत देशी जुळणीचा हिशेब होतो.

तिसरा पर्याय एका नव्या व्यापाऱ्याने जूनमध्ये आणला. माल तिसऱ्या देशातून येईल, कागदावर ‘मोटरचे सुटे भाग’ असेल, भाव दुपटीहून जास्त, रक्कम आगाऊ. याबद्दल पुढे सविस्तर.

चौथा पर्याय, परवान्यासाठी स्वतः अर्ज करण्याचा.

पाचवा, डिस्प्रोशियम नसलेलं मॅग्नेट वापरण्याचा. ते यादीत नाही, पण तापल्यावर त्याचं चुंबकत्व कायमचं जाऊ शकतं. साध्या एन ग्रेडला ऐंशी अंशांची मर्यादा, एमला शंभर, एचला एकशे वीस. मराठवाड्यात मे महिन्यात हवाच बेचाळीस-त्रेचाळीस अंश असते. भरलेल्या गाडीखाली, डांबराच्या वीतभर वर फिरणारी मोटर किती तापत असेल याचं उत्तर कारखान्यात कुणाकडेच नव्हतं.

सहावा, गाडीच्या मोटरीलाही फेराइट वापरण्याचा. फेराइटचा एक गुण आपल्या हवामानाला साजेसा आहे: तापल्यावर त्याचं चुंबकत्व पुसलं जाण्याचा धोका वाढण्याऐवजी घटतो. अडचण ताकदीची. त्याचं चुंबकीय क्षेत्र निओडायमियमच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं. तेवढाच जोर हवा तर मोटर लांब आणि जड होणार, गाडीची चौकट बदलावी लागणार, आणि ती ग्राहकाच्या हातात.

काय केलं

पहिला निर्णय साठ्याचा होता आणि तो लगेच घ्यावा लागला. उरलेलं मॅग्नेट कुणाला द्यायचं? पुण्याचा ग्राहक मोठा आणि त्याचा दंड ठरलेला. वाळूजचा ग्राहक छोटा, पण मालकांचं दुकान होतं तेव्हापासूनचा. मुलीचं म्हणणं होतं, सगळं पुण्याला द्यावं, नाहीतर तो जाईल आणि परत येणार नाही. मालकांनी साठा निम्मा-निम्मा केला आणि दोघांनाही फोन करून साठा किती आणि कधी संपेल ते खरं सांगितलं. पुण्याच्या खरेदी विभागाला ही स्पष्टता रुचली नाही. त्यांनी त्याच आठवड्यात दुसऱ्या पुरवठादाराशी बोलणी सुरू केली. वाळूजचा ग्राहक मात्र दुसऱ्याच दिवशी शेडमध्ये आला आणि म्हणाला, चाचणीसाठी गाडी लागली तर माझी घ्या. पुढचं सगळं त्या गाडीमुळे शक्य झालं, म्हणून मला तो निर्णय योग्य वाटतो. पण मुलीची भीतीही खरी ठरली, हेही नोंदवलं पाहिजे.

दुसरा निर्णय चोरट्या मालाचा. हा मोह साधा नव्हता. जूनअखेर टेबलं रिकामी पडू लागली होती, बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा ताणलेली होती आणि आजूबाजूला ‘सगळेच करतात’ अशी कुजबुज होती. मालकांनी एका सीमाशुल्क सल्लागाराला विचारलं. चुकीचं वर्णन देऊन आणलेला माल १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याखाली जप्त होऊ शकतो, दंड होतो, आणि नाव आयातदाराचं असतं, व्यापाऱ्याचं नसतं. चीननेही त्या मे महिन्यापासून अशा मालाच्या तस्करीविरुद्ध मोहीम उघडली होती. पण मला वाटतं निर्णय दुसऱ्याच मुद्द्यावर झाला. मुलगी म्हणाली, ‘पप्पा, तो माल खरंच एसएच आहे हे कोण सांगणार?’ खोट्या कागदावर आलेल्या मॅग्नेटचा ग्रेड तरी खरा का मानायचा? घाटात मोटर बसली तर गाडीवाल्याचा दिवस बुडतो आणि त्याच्या गाडीचा हप्ता थांबत नाही. नकार कळवला.

तिसरा निर्णय, थेट अर्ज. आयात-निर्यात कोड काढणं सोपं गेलं, घरबसल्या झालं. अडलं ते प्रतिज्ञापत्रात. चिनी निर्यातदाराने अंतिम ग्राहकाचं नाव, गाडीचं मॉडेल, मोटरचं ड्रॉइंग आणि जुळणीच्या जागेचे फोटो मागितले. पुण्याचा ग्राहक ड्रॉइंग द्यायला तयार नव्हता. त्यांच्या वकिलाचं मत असं, की आपल्या गाडीची रचना दुसऱ्या देशाच्या सरकारकडे जमा का करायची, आणि तीही तिथले प्रतिस्पर्धी कारखाने त्याच सरकारच्या छायेत असताना? मला ही शंका अगदी रास्त वाटली. देशादेशांतली सत्तेची ओढाताण छोट्या उद्योगापर्यंत पोचते ती अशी. तिथे तोफा नसतात की भाषणं नसतात, एका अर्जातला एक रकाना असतो आणि तो भरायचा की नाही ते ठरवायचं असतं. शेवटी बाहेरची मापं आणि रोटरचा ढोबळ आराखडा एवढंच द्यायचं ठरलं, कंट्रोलर आणि वाइंडिंगचा तपशील द्यायचा नाही. वाळूजच्या ग्राहकाने लगेच होकार दिला, पुण्याच्या ग्राहकाला तीन आठवडे लागले. अर्ज जुलैत गेला.

चौथा निर्णय या प्रकरणाचा गाभा आहे, तो डिझाइनचा.

मी गेलो तेव्हा पहिला प्रश्न विचारला, की एसएच ग्रेडच का? उत्तर मिळालं, ‘सर, आधीच्या ड्रॉइंगवर तसंच होतं.’ त्याआधीचं ड्रॉइंग दुसऱ्या ग्राहकाचं, ते कुण्या चिनी मोटरीवरून घेतलेलं. दीडशे अंश ही गरज कधीच कुणी मोजली नव्हती, ती नकलेबरोबर आली होती. आपल्याकडच्या लघुउद्योगांत असं सर्रास होतं. त्यात आळस नाही. मोजायला वेळ, साधनं आणि गाडी लागते, आणि माल मिळत असतो तोवर मोजण्याचं कारण पडत नाही.

आम्ही रोटरवर तापमानाच्या पट्ट्या चिकटवल्या. ठरावीक अंश ओलांडला की त्या पट्टीवरचा ठिपका कायमचा काळा होतो, त्यामुळे फिरत्या भागाचं कमाल तापमान नंतर वाचता येतं. वाळूजच्या ग्राहकाची गाडी सिमेंटच्या पोत्यांनी भरली आणि दौलताबादच्या घाटातून खुलताबादपर्यंत वारंवार चढवली. कडक ऊन सरलेलं होतं, म्हणून मोटरभोवती हवा अडवणारं आवरण घालून मेची परिस्थिती जमेल तेवढी उभी केली. इतकं करूनही रोटर शंभरच्या जरा वर गेला, एकशे दहाची पट्टी कोरीच राहिली. स्टेटरच्या, म्हणजे मोटरच्या स्थिर भागाच्या, तारा खूप जास्त तापत होत्या, पण मॅग्नेट तारांपासून हवेच्या फटीने वेगळं असतं आणि ते सावकाश तापतं.

म्हणजे एच ग्रेड पुरेल अशी शक्यता होती. काही उत्पादक बारीक कणांच्या रचनेने डिस्प्रोशियम न घालता एच ग्रेड देतात. पण नुसतं तापमान पाहून भागत नाही. गाडी घाटात थांबून पुन्हा उचलते तेव्हा वाइंडिंगमधून मोठा प्रवाह जातो आणि त्याचं उलटं क्षेत्र मॅग्नेटवर दाबून येतं. तापलेलं मॅग्नेट नेमकं त्याच क्षणी हरतं. त्यावर दोन गोष्टी केल्या. मॅग्नेटची जाडी थोडी वाढवली, म्हणजे उलट्या क्षेत्राला ते जास्त दाद देत नाही. आणि कंट्रोलरमधली प्रवाहाची कमाल मर्यादा खाली आणली. ही दुसरी गोष्ट मुलीची. तिने मर्यादा कायमची न उतरवता मोटरच्या तापमानाशी जोडली: मोटर थंड असेल तर पूर्ण जोर, तापत गेली की जोर हळूहळू कमी. ड्रायव्हरला घाटाच्या शेवटच्या वळणावर गाडी जराशी मंदावलेली जाणवते, एवढंच.

याची किंमत होती. जाड मॅग्नेट म्हणजे जास्त निओडायमियम, रोटर जुळवताना पकडून ठेवणारं नवं फिक्स्चर, आणि सुरुवातीच्या काही मोटरींत मॅग्नेट सुटण्याची तक्रार, कारण चिकटवण्याचं क्षेत्र बदललं होतं. रोटरवर काचतंतूची पट्टी गुंडाळून ती बंद केली.

माल यादीबाहेरचा असूनही सरळ आला नाही. चीनच्या बंदरांवर सगळ्याच मॅग्नेटांची तपासणी कडक झालेली होती. निर्यातदाराकडून ‘यात डिस्प्रोशियम-टर्बियम नाही’ असा प्रयोगशाळेचा दाखला प्रत्येक खेपेबरोबर मागावा लागला. पहिली खेप सप्टेंबरमध्ये पोचली आणि इथे तिची पुन्हा एक्सआरएफ तपासणी केली.

मधल्या दोन महिन्यांत कामगारांना काय द्यायचं, हा निर्णय मालकांनी कुणाला न विचारता घेतला. पुढच्या उन्हाळ्याच्या कूलर मोटरी आत्ताच भरायला घेतल्या आणि बोअरच्या पंपांचं जुनं वाइंडिंगचं काम पुन्हा सुरू केलं. भांडवल कूलरच्या साठ्यात अडकलं, व्याज चढलं, पण टेबल एकही बंद झालं नाही. त्या पावसाळ्यात गावाकडून येणारे लोक डीएपी मिळत नसल्याचं सांगायचे. त्या टंचाईमागेही चीनने आवळलेली निर्यात हे एक कारण होतं. ऑगस्टमध्ये चीनचे परराष्ट्रमंत्री दिल्लीला आले तेव्हा खतं, रेअर अर्थ आणि बोगदे खणणारी यंत्रं या भारताच्या तिन्ही गरजांबद्दल आश्वासन मिळाल्याच्या बातम्या होत्या. त्याच महिन्यात अमेरिकेने भारतीय मालावरचा कर ५० टक्क्यांवर नेला होता. गलवाननंतर पाच वर्षं गोठलेलं नातं हलू लागलं, त्यामागे हा दाब होताच. वाळूजमध्ये मात्र आश्वासनानंतरही बराच काळ माल हलला नाही. सप्टेंबरच्या अतिवृष्टीत मराठवाड्यातली शेतं वाहून गेली आणि कारखान्यातले बरेच जण घरं सावरायला गावी गेले. चाचण्यांचा वेग तिथे आणखी मंदावला.

निष्पत्ती

नव्या मोटरचा पहिला मोठा लॉट दिवाळीच्या सुमारास वाळूजच्या ग्राहकाकडे गेला. त्याच्या थोडं आधी, ९ ऑक्टोबरला, चीनने आणखी पाच मूलद्रव्यं यादीत घातली आणि परदेशात बनलेल्या वस्तूंवरही हक्क सांगणारे नियम जाहीर केले. ३० ऑक्टोबरला बुसानमध्ये अमेरिका आणि चीनचे अध्यक्ष भेटले आणि ऑक्टोबरचे हे नियम वर्षभरासाठी स्थगित झाले. एप्रिलची सात मूलद्रव्यांची यादी मात्र तशीच राहिली. दोन मोठ्या देशांच्या भेटीनंतरही डिस्प्रोशियमचा परवाना लागतच होता, आणि नेमक्या त्याच गोष्टीची गरज कारखान्याने संपवली होती.

जुलैतल्या अर्जाचा परवाना हिवाळ्यात आला, मागितलेल्या मालाच्या काही भागापुरता. तोवर पुण्याच्या ग्राहकाने निम्मी खरेदी दुसरीकडे वळवली होती आणि ती परत आली नाही. परवान्याचा माल उरलेल्या निम्म्यासाठी वापरला, कारण त्या ग्राहकाची नव्या मोटरची मंजुरी अजून चालू होती. वर्षाचा ताळेबंद तोट्यात गेला. फिटिंगमधली दोन मुलं शेंद्र्याला मोठ्या कंपनीत गेली.

हे यश की अपयश, असं मला विचारलं जातं. कारखाना टिकला, मोटर त्याची स्वतःची झाली आणि घाटातल्या आकड्यांची वही आता त्याच्याकडे आहे. ग्राहक अर्धा गेला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

वेगळं काय करता आलं असतं

मॅग्नेटची तपासणी आधी व्हायला हवी होती, हे उघड आहे. एका तपासणीचा खर्च किरकोळ असतो. मोटरच्या किमतीत मॅग्नेटचा वाटाही थोडाच असतो, त्यामुळे चार-सहा महिन्यांचा साठा ठेवणं अशक्य नव्हतं. २०१० चा प्रसंग घडून गेलेला होता. पण तो साठा करायला सांगणारं कुणी नव्हतं, आणि बँक अशा साठ्याला ‘पडून राहिलेला माल’ समजते. कच्चा माल परदेशातल्या एकाच ठिकाणाहून येत असेल, तर त्याच्या राखीव साठ्यासाठी लघुउद्योगांना वेगळी, स्वस्त कर्जमर्यादा मिळायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

अर्ज एकट्याने केला, ही त्याहून मोठी उणीव. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा मिळून मॅग्नेट वापरणारे छोटे कारखाने थोडेथोडके नाहीत. प्रत्येकाने वेगळा वकील, वेगळी प्रतिज्ञापत्रं आणि दिल्लीच्या वेगळ्या खेपा केल्या. उद्योजकांची संघटना शहरात आहे, ऑटो क्लस्टर आहे, इंडो-जर्मन टूल रूम आहे. एका टेबलावर बसून कागदांचा एकच नमुना, तपासणीची एकच सोय आणि ड्रॉइंगमधलं काय द्यायचं, काय नाही याची एकच मर्यादा ठरवता आली असती. सगळ्यांनी मिळून ‘एवढंच देऊ’ म्हटलं असतं, तर त्या नकाराला वजन आलं असतं.

साठा निम्मा-निम्मा करण्याच्या निर्णयावर बापलेकींचं आजही एकमत नाही. मुलगी म्हणते, पुण्याला आधी पूर्ण माल देऊन वाळूजच्या ग्राहकाकडून गाडी तेवढी मागायला हवी होती, त्याने दिली असती. मालक म्हणतात, रिकाम्या हाताने गाडी मागायची नसते.

पुढचा निर्णय अजून व्हायचा आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने देशात मॅग्नेटनिर्मितीसाठी ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. वर्षाला ६,००० टनांची क्षमता, जास्तीत जास्त पाच उत्पादक, आणि उभारणीला पहिली दोन वर्षं. आपल्याकडे केरळ, तमिळनाडू, आंध्र आणि ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या वाळूत मोनाझाइट हे रेअर अर्थ असलेलं खनिज भरपूर आहे आणि १९५० पासून चालत आलेली सरकारी आयआरईएल कंपनी त्यातून निओडायमियम काढते. डिस्प्रोशियमसारखी जड मूलद्रव्यं मात्र त्या वाळूत काढण्याजोगी नाहीत. ती मुख्यतः दक्षिण चीनमधल्या आणि म्यानमारच्या काचिन प्रांतातल्या मातीतून येतात, आणि काचिनमधल्या खाणींचा मुख्य पट्टा ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथल्या बंडखोर सैन्याने ताब्यात घेतला आहे. म्हणजे देशी मॅग्नेट आलं तरी डिस्प्रोशियम लागणारी मोटर परावलंबीच राहील, आणि न लागणारी मोटर आपल्या किनाऱ्यावरच्या निओडायमियमवर चालू शकेल. त्या पाच उत्पादकांनी छोट्या खरेदीदाराला किमान किती माल राखून ठेवावा, याबद्दल योजनेच्या अटींत स्पष्टता यावी म्हणून कारखान्याने संघटनेमार्फत निवेदन दिलं आहे.

दरम्यान मुलीने फेराइटच्या मोटरचा नमुना बांधायला घेतलाय. तो सध्याच्या मोटरपेक्षा बराच लांब आहे. वाळूजच्या ग्राहकाने नव्या मॉडेलच्या चौकटीत तेवढी जागा सोडायची तयारी दाखवली आहे, फक्त वजन किती वाढेल ते त्याला मार्चच्या आत कळवायचं आहे.